ओआरएस नीट कसं बनवायचं आणि कसं पाजायचं, डॉ. दिलीप महालनबीस यांच्या कामातून समजून घेऊया

पावसाळा लागला की घरात कुणाचं ना कुणाचं पोट बिघडतंच. मग मेडिकलमधून ओआरएसचं, म्हणजे जुलाबात गेलेलं पाणी आणि क्षार भरून काढणाऱ्या साखर-मिठाच्या पावडरीचं पाकीट येतं, अर्धं पाकीट पेल्यात अंदाजाने ओतलं जातं, बाळाला दोन घोट पाजले जातात, बाळ तोंड वाकडं करतं आणि उरलेलं पाकीट तोंडाला रबर लावून फ्रीजवर ठेवलं जातं. ओआरएस दिलं याचं समाधान मिळतं पण उपयोग काही होत नाही, उलट दाट केलेलं पाणी पोटात गेलं तर नुकसानच होतं. म्हणून हे सगळं सविस्तर लिहितेय. आणि सोबत १९७१ ला बनगावच्या निर्वासितांच्या छावणीत हेच पाणी पाजून कॉलराचे पेशंट वाचवणाऱ्या डॉ. दिलीप महालनबीस यांच्याबद्दलही लिहिणार आहे, कारण पाकिटाच्या मागे बारीक अक्षरात जे नियम छापलेले असतात ते कशासाठी आहेत हे त्यांचं बनगावचं काम वाचलं की पक्कं डोक्यात बसतं, मग पाठ करायची गरज राहत नाही.

महालनबीस जन्माने किशोरगंजचे, म्हणजे आजच्या बांगलादेशातले, जन्म १९३४ चा. फाळणीच्या सुमारास कुटुंब पश्चिम बंगालमध्ये आलं. १९५८ ला कलकत्ता मेडिकल कॉलेजातून डॉक्टर झाले, पुढे इंग्लंडला जाऊन लहान मुलांचे डॉक्टर झाले, तिकडे चांगली नोकरी होती तरी साठच्या दशकात परत आले. कलकत्त्यात अमेरिकेच्या जॉन्स हॉपकिन्स युनिव्हर्सिटीचं एक संशोधन केंद्र होतं, तिथे कॉलरा आणि जुलाब या विषयावर काम करायला लागले. साखर-मिठाचं पाणी तोंडाने देऊन कॉलराचा पेशंट सावरतो हे तोवर काही लोकांना माहीत झालेलं होतं. कलकत्त्याच्याच डॉ. हेमेंद्रनाथ चॅटर्जींनी १९५३ मध्येच त्यावर लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात लिहिलं होतं, आणि १९६८ मध्ये ढाक्याला डेव्हिड नलिन आणि रिचर्ड कॅश या दोन तरुण अमेरिकन डॉक्टरांनी काटेकोर मोजमाप ठेवून ते दाखवून दिलं होतं. त्यामुळे ‘ओआरएस एकट्या महालनबीसांनी शोधलं’ असं जे फॉरवर्ड फिरतं ते बरोबर नाही, आणि त्यांचं मोठेपण सांगायला तसं म्हणायची गरजही नाही. त्यांनी जे केलं ते कुणीच केलेलं नव्हतं. हे पाणी हॉस्पिटलच्या बाहेर, घाणीत, गर्दीत, अजिबात ट्रेनिंग नसलेल्या माणसांच्या हातून देऊन दाखवलं.

ते झालं १९७१ ला. पूर्व पाकिस्तानात युद्ध पेटलं आणि जवळपास एक कोटी माणसं भारतात आली. सरहद्दीला लागून असलेल्या बनगावमध्ये साधारण साडेतीन लाख निर्वासित होते, वरून पाऊस, प्यायला धड पाणी नाही, आणि त्यात कॉलरा. महालनबीस जूनच्या शेवटी तिथे पोचले. हॉस्पिटल म्हणजे दोन खोल्या, सगळ्या मिळून सोळा खाटा, आणि पेशंट इतके की जमिनीवर पाय ठेवायला जागा नाही. सलाइन लावायचं तर जुलाब आणि उलटीने भरलेल्या फरशीवर गुडघे टेकून बसावं लागत होतं, हे त्यांनी पुढे मुलाखतीत स्वतः सांगितलेलं आहे. सलाइनच्या बाटल्या पुरत नव्हत्या, आणि शिरेत सुई घालू शकणारी माणसं त्यांच्या टीममध्ये दोनच होती. ४८ तासांत त्यांच्या लक्षात आलं की अशाने ही लढाई आपण हरणार.

मग त्यांनी ठरवलं की तोंडाने द्यायचं पाणीच मोठ्या प्रमाणावर वापरायचं. एका लिटरला २२ ग्रॅम ग्लुकोज, साडेतीन ग्रॅम साधं मीठ आणि अडीच ग्रॅम खायचा सोडा. तिन्ही वस्तू स्वस्त, बाजारात मिळणाऱ्या, लिटरमागे खर्च काही पैशांचा. कलकत्त्याच्या त्यांच्या केंद्रातल्या लायब्ररीच्या खोलीत बसून हे तोलून तोलून प्लॅस्टिकच्या पिशव्यांत भरलं आणि पिशव्यांची तोंडं गरम इस्त्रीने चिकटवली. बनगावला नळ लावलेली मोठी पिंपं होती, त्यात स्वच्छ पाणी घेऊन पिशवी ओतायची, ढवळायचं, आणि पेशंटच्या आई-बाप-भाऊ-बहिणींच्या हातात पेला द्यायचा की नळावरून भरा आणि पाजत राहा. आठ-नऊ आठवड्यांत साडेतीन हजारांवर पेशंट तिथे येऊन गेले. निर्वासितांच्या छावण्यांत कॉलराच्या पेशंटपैकी ३० टक्क्यांपर्यंत माणसं मरत होती, त्यांच्या देखरेखीखाली ते प्रमाण ३.६ टक्क्यांवर आलं.

हे वाचून मला दर वेळी एकच वाटतं की ज्या माणसांनी त्या दिवसांत जीव वाचवले त्यातली बहुतेक डॉक्टर नव्हती, नर्स नव्हती. घरदार सोडून आलेल्या आया होत्या. म्हणून ‘आपल्याला काय जमतंय, हॉस्पिटललाच नेऊ’ हे आधी डोक्यातून काढा. कधी न्यायचं ते खाली लिहिलंय, पण पहिला पेला घरीच सुरू व्हायला पाहिजे आणि पहिल्या पातळ जुलाबापासूनच व्हायला पाहिजे, संध्याकाळपर्यंत वाट बघायची नाही.

आता बनवायचं कसं. पाकीट हातात घेतलं की फोडायच्या आधी उलटं करून वाचा. दोन गोष्टी शोधायच्या. पहिली म्हणजे हे पाकीट किती पाण्यासाठी आहे. बाजारात एक लिटरचं मोठं पाकीट मिळतं आणि २०० मिलीचं छोटंही मिळतं, दिसायला जवळजवळ सारखीच, आणि सगळा घोटाळा इथेच होतो. एक लिटरचं पाकीट एका पेल्यात टाकलं तर ते पाचपट दाट झालं. इतकं खारट-गोड पाणी आतड्यात गेलं की ते शरीरातलंच पाणी आतड्यात ओढून घेतं, जुलाब वाढतात, आणि लहान बाळाच्या रक्तात मीठ वाढून झटके येण्यापर्यंत मजल जाऊ शकते. दुसरी गोष्ट म्हणजे फॉर्म्युला. एका लिटरला सोडियम क्लोराइड २.६ ग्रॅम, ग्लुकोज १३.५ ग्रॅम, पोटॅशियम क्लोराइड १.५ ग्रॅम, सोडियम सायट्रेट २.९ ग्रॅम, हे आकडे असले की ते डब्ल्यूएचओचं, म्हणजे जागतिक आरोग्य संघटनेचं. बनगावच्या मिश्रणात ग्लुकोज आणि मीठ यापेक्षा जास्त होतं आणि पोटॅशियम नव्हतं, नंतरच्या अभ्यासांमधून सुधारत सुधारत २००२ मध्ये हा आजचा फॉर्म्युला ठरला, कारण थोडं कमी दाट ठेवलं की उलट्या आणि जुलाबाचं प्रमाण कमी राहतं असं दिसलं.

पाणी आधी उकळून गार करून घ्या, किंवा फिल्टरचं घ्या. एक लिटर मोजायला पाण्याची रिकामी एक लिटरची बाटली सगळ्यात सोपी, धुऊन घेतलेली. हात साबणाने धुवा, पाणी मोठ्या भांड्यात ओता, अख्खं पाकीट एकदम टाका आणि पावडर पूर्ण विरघळेपर्यंत ढवळा. अर्धं पाकीट अर्ध्या लिटरला असं करू नका, कारण पावडरीतले घटक पाकिटात सारखे मिसळलेले असतीलच असं नाही आणि उरलेली पावडर दमट हवेत गोळा होते. लायब्ररीत बसून तोलून भरलेल्या पिशव्यांमागे हाच विचार होता, की बनवणाऱ्याला काही तोलावं लागू नये, पिशवी फोडायची आणि ठरलेल्या पाण्यात टाकायची.

वरून साखर घालायची नाही, लिंबू नाही, सरबत नाही, दूध नाही, सोडा नाही. चव आवडत नाही म्हणून एक चमचा साखर टाकली तरी प्रमाण बिघडतं. बनवल्यावर ते पाणी परत उकळायचं नाही. झाकून ठेवायचं आणि २४ तासांत संपलं नाही तर फेकून द्यायचं, दुसऱ्या दिवशी नवीन पाकीट. जीव खाली-वर होतो फेकताना, तरी फेकायचं, कारण साखरेच्या पाण्यात जंतू भराभर वाढतात.

प्रमाणाचं एवढं का लावून धरायचं ते सांगते. जुलाब चालू असताना आतडं साधं पाणी नीट शोषून घेत नाही, पण ग्लुकोज आणि सोडियम बरोबर असले की आतड्याच्या अस्तरातून दोघं जोडीने आत जातात आणि त्यांच्या मागोमाग पाणी आत जातं. कॉलरासारख्या आजारातही ही एक वाट शाबूत राहते. साखर नसेल तर सोडियम अडतं, साखर जास्त झाली तर पाणी उलट्या दिशेने येतं. नुसतं साधं पाणी किंवा नुसतं ग्लुकोजचं पाणी दिलं तर मीठ भरून निघत नाही, आणि मेडिकलमधली ती ग्लुकोज पावडर म्हणजे ओआरएस नव्हे, ताकदीसाठी म्हणून जुलाबात ती पाजू नका.

तसंच त्या टेट्रापॅकमधल्या गोड पेयांचं. कित्येक वर्षं मेडिकलच्या काउंटरवर ओआरएसशी मिळतंजुळतं नाव लावून फळांच्या चवीची पेयं विकली जात होती ज्यात साखर भरपूर आणि मीठ अगदी कमी, आणि शिकलेले आईबापसुद्धा ओआरएस समजून ती पाजत होते. ऑक्टोबर २०२५ मध्ये एफएसएसएआय या अन्नसुरक्षेच्या सरकारी संस्थेने आदेश काढला की अशा पेयांच्या नावात ओआरएस हा शब्द वापरायचा नाही. तरी पण दुकानात मागताना ‘डब्ल्यूएचओ फॉर्म्युला ओआरएसची पावडर द्या’ असं स्पष्ट मागा आणि मागचे आकडे वाचूनच घ्या. तयार द्रव ओआरएस पण मिळतं, त्यावर हेच प्रमाण असेल तर चालतं.

पाकीट नसेल, रात्रीचे दोन वाजलेत, मेडिकल बंद, मग काय? मग घरचं करायचं. एक लिटर उकळून गार केलेलं पाणी, सहा सपाट चमचे साखर, अर्धा सपाट चमचा मीठ. चमचा म्हणजे ५ मिलीचा. आपल्या घरातले चहाचे चमचे लहान-मोठे असतात, म्हणून खोकल्याच्या औषधाच्या बाटलीवर जे मोजाचं झाकण येतं ते वापरा, त्यावर ५ मिली आणि अडीच मिलीची खूण असते, साखर ५ मिलीच्या खुणेपर्यंत सहा वेळा आणि मीठ अडीच मिलीच्या खुणेपर्यंत एकदाच. बारीक मीठ घ्या, खडेमीठ नको, त्याचं माप चुकतं. ढवळून झालं की आधी स्वतः चाखा, डोळ्यातल्या पाण्यापेक्षा खारट लागलं तर ओतून द्या आणि नव्याने करा. यात पोटॅशियम नसतं म्हणून हे पाकीट मिळेपर्यंतचं, सकाळी पाकीट आणायचंच.

बांगलादेशात ब्रॅक या संस्थेने १९८० ते १९९० या दहा वर्षांत याच घरच्या पाण्यासाठी जे केलं ते मला फार भारी वाटतं. त्यांच्या बायका गावोगाव घरोघर फिरल्या आणि तीन बोटांची चिमूट मीठ, मूठभर गूळ आणि अर्धा शेर पाणी एवढ्यावर लाखो आयांना हे शिकवलं, सव्वा कोटीच्या आसपास घरं झाली. आणि नुसतं सांगून निघून जायच्या नाहीत, आईकडून समोर करून घ्यायच्या, नंतर दुसरी टीम जाऊन तपासायची की तिला अजून आठवतंय का आणि बनवलेलं पाणी बरोबर आहे का, आणि शिकवणारीचा पगार त्या तपासणीवर ठरायचा. आपल्याकडे पत्रक वाटलं की काम संपलं असं होतं, म्हणून हे मुद्दाम लिहिलं. तुम्ही घरात कुणाला शिकवणार असाल तर त्यांच्याकडून एकदा करून घ्या.

आता पाजायचं कसं, आणि खरं तर यातच सगळं आहे. बाळ दोन वर्षांच्या आतलं असेल तर बाटलीने नाही, वाटी-चमच्याने. दर एक-दोन मिनिटांनी एक चमचा. मिनिटाला ५ मिलीचा एक चमचा दिला तर तासाला ३०० मिली होतात, म्हणजे दीड पेला पोटात गेला आणि बाळाला कळलंही नाही. तेच दीड पेला एकदम पाजायला गेलात तर भडाभडा उलटी होणार. मोठ्या मुलांना आणि माणसांना पेल्याने, पण घोट घोट. किती द्यायचं तर दोन वर्षांच्या आतल्या बाळाला प्रत्येक पातळ जुलाबानंतर ५० ते १०० मिली, दोन ते दहा वर्षांच्या मुलाला १०० ते २०० मिली, आणि त्याहून मोठ्यांना जेवढं पितील तेवढं. ओआरएसच्या मधे साधं पाणीही देत राहा.

उलटी झाली तर? बहुतेक जण इथे हार मानतात, ‘पोटात काही ठरतच नाही, सलाइनच लावा’. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबा, मग परत सुरू करा पण आणखी हळू, दर दोन-तीन मिनिटांनी एक चमचा. उलटीतून सगळं बाहेर पडत नाही, बरंचसं आत राहिलेलं असतं. बनगावचे पेशंट कॉलराचे होते, उलट्या त्यांनाही होतच होत्या, आणि त्यातल्या बऱ्याच जणांना शेजारी बसलेल्या माणसाने चिकाटीने पाजूनच सावरलं. अगदी गळून गेलेल्या, शुद्ध हरपलेल्या पेशंटला तिथेही आधी सलाइनच दिलं, आणि तो पिण्याइतका झाला की लगेच तोंडाने सुरू केलं. असलेल्या बाटल्या ज्यांना खरंच गरज आहे त्यांच्यासाठी राखल्या. सलाइन म्हणजे भारी औषध आणि पेल्यातलं पाणी म्हणजे हलकं, असं काही नाही, पिऊ शकणाऱ्या माणसाला दोन्हीचा परिणाम सारखाच आणि पेल्याला सुई लागत नाही.

अजून एक, ओआरएसने जुलाब थांबत नाहीत. दिवसभर पाजलं तरी जुलाब होतायत म्हणून लोक बंद करतात. याचं काम जुलाब थांबवायचं नाहीच, गेलेलं पाणी आणि क्षार भरून काढायचं आहे. जुलाब बहुतेक वेळा काही दिवसांत आपोआप थांबतात, तोवर शरीर सुकू द्यायचं नाही एवढंच. जुलाब बंद करायच्या गोळ्या लहान मुलांना देऊच नका, त्याने आतडं सुस्त होतं आणि घाण आत साठते. अँटिबायोटिक पण डॉक्टरने सांगितलं तरच.

काम होतंय की नाही हे ओळखायला बाळाची लघवी बघा. दर तीन-चार तासांनी शू होतेय आणि रंग फिका आहे तर चांगलं चाललंय. रडताना डोळ्यात पाणी येतंय का, जीभ ओली आहे का, डोळे खोल गेलेत का, तान्ह्या बाळाची टाळू खोलगट झाली का हे हात लावून बघा. पोटावरची कातडी दोन बोटांत हलकी चिमटीत धरून सोडा, लगेच सपाट झाली तर ठीक, हळूहळू गेली तर पाणी कमी पडलंय, दोन सेकंदांहून जास्त वेळ उभी राहिली तर लगेच हॉस्पिटल. पाणी कमी पडल्याची थोडी लक्षणं असतील तर चार तासांत किलोमागे ७५ मिली असा हिशेब असतो, म्हणजे दहा किलोच्या बाळाला चार तासांत पाऊण लिटर, पण हे आरोग्य केंद्रात कुणाच्या तरी नजरेखाली केलेलं बरं.

आणि ज्यात घरी थांबायचंच नाही ते असं, बाळ दोन महिन्यांच्या आतलं असेल, पाजलेलं पिऊच शकत नसेल किंवा प्रत्येक घोट उलटून पडत असेल, सुस्त पडलं असेल, हाक मारून डोळे उघडत नसेल, शौचात रक्त असेल, जोराचा ताप असेल, सहा-आठ तासांत शू झाली नसेल, किंवा तांदळाच्या धुवणासारखे पांढरट पाण्याचे जुलाब एकामागून एक होत असतील. तो शेवटचा प्रकार कॉलराचा असू शकतो, त्यात मोठं धडधाकट माणूससुद्धा काही तासांत जाऊ शकतं. निघताना पण बाटलीत ओआरएस घ्या आणि रिक्षात, जीपमध्ये, जिथे असाल तिथे पाजत जा, फक्त शुद्धीवर नसलेल्या माणसाच्या तोंडात काही ओतू नका. आजी-आजोबांना किडनीचा किंवा हृदयाचा त्रास असेल तर डॉक्टरला फोन करून विचारा किती द्यायचं. डायबेटिस आहे म्हणून ओआरएस अजिबात द्यायचं नाही असं नसतं, जुलाबात पाणी कमी पडणं त्यांनाही तितकंच धोक्याचं, पण शुगर तपासत राहा.

पोट रिकामं ठेवायचं, दूध बंद, जेवण बंद, हे सासूबाईंपासून शेजारच्या काकूंपर्यंत सगळे सांगतील. प्रेमानेच सांगतात, पण ऐकायचं नाही. अंगावरचं दूध तर उलट जास्त वेळा पाजायचं. मोठ्या बाळाला मऊ भात, वरण, खिमट, भाताची मीठ घातलेली पेज, ताजं ताक, केळं, थोडं थोडं पण वारंवार. उपाशी आतडं लवकर बरं होत नाही. मऊ वरणभातावर चमचाभर तेल किंवा तूप चालतं. पॅकबंद ज्यूस, कोल्ड्रिंक, खूप गोड चहा हे टाळा.

आणि झिंक. मुलांना ओआरएससोबत झिंकची गोळी १४ दिवस, सहा महिन्यांच्या वरच्या बाळाला रोज २० मिलीग्रॅम, दोन ते सहा महिन्यांच्या बाळाला रोज १०, म्हणजे अर्धी गोळी. चमचाभर पाण्यात किंवा आईच्या दुधात विरघळते. जुलाब चौथ्या दिवशी थांबले म्हणून गोळी थांबवायची नाही, चौदा दिवस पूर्ण करायचे, त्याने पुढचे दोन-तीन महिने परत जुलाब व्हायची शक्यता कमी होते. ओआरएस आणि झिंक दोन्ही सरकारी दवाखान्यात आणि आशाताईंकडे फुकट मिळतं, दर पावसाळ्याच्या तोंडाला त्या घरोघर येऊन पाकीट देतात. ते घेऊन ठेवा आणि त्या दाखवतात तेव्हा दोन मिनिटं उभं राहून बघा.

महालनबीसांचं पुढे काय झालं ते पण सांगायला हवं. बनगावचे आकडे त्यांनी लिहून काढले तर सुरुवातीला ते छापायलाच कुणी तयार नव्हतं, इतक्या साध्या पाण्याने एवढा फरक पडेल आणि तेही नातेवाइकांनी पाजून, हे मोठ्या मंडळींना पटत नव्हतं. १९७३ ला जॉन्स हॉपकिन्सच्याच जर्नलमध्ये ते छापून आलं. डब्ल्यूएचओतले डॉ. धीमान बरुआ छावणीत येऊन प्रत्यक्ष बघून गेले होते आणि त्यांनी ते उचलून धरलं, १९७८ पासून डब्ल्यूएचओचा जुलाबावरचा जागतिक कार्यक्रम सुरू झाला, आणि त्याच वर्षी लॅन्सेटने हा कदाचित शतकातला सगळ्यात महत्त्वाचा वैद्यकीय शोध ठरेल असं लिहिलं. महालनबीस स्वतः डब्ल्यूएचओसाठी अफगाणिस्तान, इजिप्त, येमेन असे फिरले, नंतर ढाक्याच्या जुलाब संशोधन केंद्रात काम केलं. पेटंट वगैरे काही घेतलं नाही. २००२ मध्ये नलिन, नॉर्बर्ट हर्शहॉर्न आणि नॅथॅनियल पिअर्स यांच्यासोबत मुलांच्या आरोग्यावरच्या संशोधनासाठीचा पॉलिन पुरस्कार मिळाला. कलकत्त्याच्या ज्या मुलांच्या हॉस्पिटलात तरुणपणी काम केलं त्याला म्हातारपणी एक कोटी रुपये देऊन टाकले. १६ ऑक्टोबर २०२२ ला ते गेले, ८७ वर्षांचे होते, आणि पद्मविभूषण जाहीर झालं ते त्यानंतर, जानेवारी २०२३ मध्ये. हयात असताना द्यायला पाहिजे होतं असं मला मनापासून वाटतं, पन्नास वर्षं हातात होती.

ओआरएसने आजवर पाच कोटींच्या वर जीव वाचवल्याचा अंदाज आहे. आणि तरीही जगात दरवर्षी पाच वर्षांखालची चार लाखांहून जास्त मुलं जुलाबाने जातात. आपल्या देशात २०१९-२१ च्या कुटुंब आरोग्य पाहणीत जुलाब झालेल्या मुलांपैकी साधारण ६० टक्के मुलांनाच ओआरएस मिळालं होतं, म्हणजे दहातल्या चार मुलांना ते पाजलंच गेलं नाही. पाकीट न मिळणं हे एक कारण असेलच, पण ‘पाण्याने काय होतंय, इंजेक्शन द्या’ ही समजूत अजून गेलेली नाही.

घरात चार-पाच पाकिटं कायम ठेवा, एक लिटरची, कोरड्या डब्यात, झाकणाचं माप आणि झिंकची पट्टी त्यातच. प्रवासाला, वारीला, गावी जत्रेला जाताना दोन पाकिटं पिशवीत टाका. एक्स्पायरी वर्षातून एकदा बघा, जूनच्या आधी बघितली तर बरं, आणि पावडर पिवळी पडली असेल किंवा दगडासारखी झाली असेल तर वापरू नका. घरातल्या दहा-बारा वर्षांच्या मुलाकडूनही एकदा बनवून घ्या, आई-बाबा दोघं कामावर असतील तेव्हा धाकट्याला पाजणारं तेच असतं. आणि बाळ बरं झालं की पुढचे दोन आठवडे रोज एक जेवण जास्तीचं द्या, उतरलेलं वजन त्यानेच भरून येतं.